लेखणीवरची झळाळी

लाकडी लेखण्या घडविण्याचा मला छंद आहे. शिसवी लाकडाची पहिली लेखणी मी वडिलांना दिवाळीच्या वहीपूजनासाठी दिली. तिला चपड्याचे पॉलिश होते. चार महिन्यांत बोटांच्या घामाने ते पुसट झाले. वडील एवढेच म्हणाले, “चपडा म्हणजे लाखच ना?” मी खजील झालो. लाख मिळविताना असंख्य कीटक मरतात. लाक्षावाणिज्य हे तर श्रावकाला वर्ज्य असलेल्या १५ कर्मादानांपैकी एक. पुढे मी सायनोअॅक्रिलेटचे पातळ थर देऊ लागलो. प्रत्येक थर पुरता सुकू द्यावा, शेवटी ओल्या, अतिबारीक पॉलिश पेपरने घासावे. घाम, पाणी या लेपाला सहसा बाधत नाहीत. दुसरी लेखणी ३ वर्षे वडिलांच्या हाती आहे. ना झळाळी उणावली, ना त्यांना पुन्हा काही विचारावे लागले.