नांगराची निशाणी

पितृपक्षात अनेक घरांत वडील, आजोबा आणि पणजोबा अशा तीन पिढ्यांची नावे उच्चारली जातात. श्रीगोंदा तालुक्यातील एक वृद्ध शेतकरीही दरवर्षी आपल्या पणजोबांचे नाव घेत असत. नाव ठाऊक होते. परंतु माणूस ठाऊक नव्हता. "ते शिंदे सरकारच्या फौजेत घोडेस्वार होते," असे घरात सर्वजण अभिमानाने सांगत. श्रीगोंद्यास शिंद्यांचे वाडे. तेव्हा कोणासही त्यात शंका येत नसे.

एके दिवशी सातवीत शिकणाऱ्या नातवाने विचारले, "आजोबा, हे कशावरून?"

आजोबा निरुत्तर झाले. त्यांनी माळ्यावरची जुनी पेटी खाली काढविली. तीत लाल रुमालात बांधलेले काही कागद होते. अक्षरे मोडी असल्यामुळे घरात ती कोणासच लागेनात. मात्र एका कागदाच्या तळाशी नातवाला एक छोटेसे चित्र दिसले. ते चित्र नांगराचे होते.

दोघे मोडी जाणणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांकडे गेले. शिक्षकांनी कागद उजेडात धरून सावकाश वाचला. तो शके 1802 मधील कर्जरोखा होता. शकाच्या आकड्यात 78 मिळविले की इसवी सन येतो. म्हणजे हा कागद 1880 सालचा. दुष्काळात बैल गेले, म्हणून नवी जोडी घेण्यासाठी आजोबांच्या पणजोबांनी सावकाराकडून कर्ज काढले होते. मागील बाजूस कर्ज फिटल्याची नोंद होती.

"आणि हा नांगर?" नातवाने विचारले.

"ही त्यांची सही," शिक्षक म्हणाले. "ज्याला लिहिता येत नसे, तो शेतकरी नावापुढे नांगर काढी, कारागीर आपल्या धंद्याचे हत्यार काढी. 1875 साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांकडील रोखे हिसकावून जाळले. त्यात आपल्या तालुक्यातील गावेही होती. पुढे 1879 साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि असे रोखे सरकारी नोंदणी अधिकाऱ्यासमोर लिहिले जाऊ लागले."

नातवाचा चेहरा उतरला. तलवारीच्या जागी नांगर निघाला होता! "हे दुसरेच कोणी असतील," तो पुटपुटला. शंका अगदीच निराधार नव्हती. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल असल्यामुळे एका घराण्यात तेच नाव पुनःपुन्हा येते. एका कागदाची साक्ष दुसऱ्या कागदाने पडताळून पाहावी लागते.

म्हणून दोघे नाशिकला गेले. तेथील तीर्थोपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या असतात. आडनाव व मूळ गाव सांगताच उपाध्यायांनी एक लांबट वही काढली. शके 1794 च्या, म्हणजे 1872 च्या सिंहस्थातील नोंद सापडली. आजोबांचे पणजोबा, त्यांचे वडील आणि तीन भाऊ अशी पाच नावे तीत होती. वडिलांचे नाव रोख्यातील नावाशी जुळले. माणूस तोच होता.

उपाध्यायांनी आणखी काही पाने उलटली आणि ते थांबले. पुढची नोंद शके 1799 ची, म्हणजे 1877 ची होती. 1876 ते 1878 या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. त्या वर्षी हेच पणजोबा धाकट्या दोन भावांच्या अस्थी घेऊन गोदावरीकाठी आले होते. भाऊ कशाने गेले, हे वहीत लिहिलेले नव्हते.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग नातू हळूच म्हणाला, "म्हणजे दोन भाऊ गेले, बैल गेले, तरी त्यांनी पुन्हा नांगर धरला आणि कर्जही फेडले."

आजोबांनी डोळे पुसले. "घोडेस्वाराची गोष्ट आता पुरे, बाळ," ते म्हणाले.

नवीन नोंदीसाठी उपाध्यायांनी वही पुढे केली. आजोबांनी मुलाचे व नातवाचे नाव सांगितले. "माझ्या बहिणीचेही लिहा," नातू म्हणाला. तेही लिहिले गेले. मग त्याने लेखणी मागून घेतली, आणि ज्या घराण्यात एके काळी नांगराची निशाणी होती, त्याच्या नोंदीखाली वळणदार अक्षरांत आपली सही केली.