रात्री वारं फिरतं

प्लॅन विजयदुर्गचा होता. एप्रिलचा शेवटचा शुक्रवार, हाफ डे टाकून पुणं सोडलं, कोल्हापुरात पांढरा रस्सा ओरपला (इथे वेळ गेला, कबूल!) आणि आणखी ५५ किलोमीटर तोडून गगनबावड्यात पोचलो तेव्हा साडेआठ वाजले होते. पुढे घाट आणि अंधार. मग काय, मुक्काम इथेच. रूम कशाला हवी? हॅचबॅकची मागची सीट पाडली की दोघांचा बेड तयार, असा आमचा हिशेब.

एका हॉटेलवाल्या मामांनी आवारात गाडी लावू दिली. दरीतून मस्त वारा वर येत होता, म्हणून गाडीचं तोंड तिकडेच केलं. सकाळी डोळे उघडले की समोर कोकण! मामा बघत होते. म्हणाले, "तिकडं तोंड करू नगासा. रात्री वारं फिरतंय, मागनं येतंय." आम्ही हो हो म्हटलं आणि गाडी तशीच ठेवली.

अकराच्या सुमारास वारा पडला. बाहेर उभं राहिलं तर छान गारवा, आत मात्र भट्टी. दिवसभर उन्हात तापलेलं टप, बंद मागचं दार आणि डासांच्या भीतीने जेमतेम दोन बोटं उघडलेल्या काचा. त्यात झोपलेला माणूससुद्धा सत्तर-ऐंशी वॉटच्या जुन्या बल्बइतकी उष्णता सोडत असतो. म्हणजे डबीत दोन बल्ब रात्रभर चालू! शिवाय श्वासातली वाफ. एक वाजता माझा संयम संपला. मी पुढे सरकलो, इंजिन चालू केलं, एसी फुल्ल, काचा बंद. स्वर्ग!

दोनच मिनिटांत मित्राने किल्ली काढून घेतली. तो एरवी शांत माणूस, पण तेव्हा चांगलाच तापला. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठलीच नाहीत, अशा बातम्या आपण वाचतो आणि विसरतो. सायलेन्सर कुठे गळका असेल किंवा धूर गाडीखाली साचत असेल, तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, झोप येते, आणि झोपायलाच तर आपण आलेलो असतो. "गरम झालं तर बाहेर चटईवर झोप," तो म्हणाला, "पण हे नाही."

मग त्याने त्याच्या शिडाच्या बोटीची गोष्ट काढली. हा वीकेंडला मुंबईत सेलिंग शिकला आणि पुढे ओळखीच्यांच्या छोट्या बोटीवर गोव्यापर्यंत जाऊन आला. त्या बोटीची केबिन आमच्या गाडीपेक्षा थोडीच मोठी. एसी नाही, भोवती कोमट समुद्र. तरी झोप लागायची. कशी? नांगर पुढून टाकलेला असतो, त्यामुळे पाण्याची ओढ फारशी नसेल तर बोट आपोआप वाऱ्याकडे तोंड करते. पुढचं छतातलं झाकण उघडायचं, त्यावर शिडाच्या कापडाचा एक पंखा, खरं तर नरसाळंच, बांधायचं. वारा त्यात शिरतो, अंगावरून जातो आणि मागच्या दारातून बाहेर पडतो. दिवसा डेकवर ताडपत्रीची सावली धरायची, संध्याकाळी वर समुद्राचं पाणी ओतायचं. बास. आत यायला एक वाट आणि बाहेर जायला दुसरी, एवढंच सगळं विज्ञान.

"पण आपली गाडी नांगरावर नाही," तो म्हणाला. "ती आपल्यालाच फिरवावी लागणार."

आणि खरंच, मामांचं वारं आलं होतं, मागच्या डोंगराकडून! शाळेतल्या भूगोलात दरीय वारे आणि पर्वतीय वारे होते, आठवतं? दिवसा तापलेली हवा उतारावरून वर चढते, रात्री उतार थंड झाले की गार, जड हवा खाली ओघळते. ते वारं आमच्या बंद मागच्या दारावर आपटून बाजूने निघून जात होतं. मागचं दार उघडलं, त्याला मच्छरदाणी चिकटपट्टीने डकवली, पुढच्या दोन्ही काचा अर्ध्या खाली केल्या आणि तिथे ओढण्या लावल्या (बहिणीच्या आहेत, तिला सांगू नका). गाडी फिरवायचीसुद्धा गरज पडली नाही. दहा मिनिटांत दोघांनी चादर ओढली.

सकाळी चहा घेताना मामा काहीच बोलले नाहीत, फक्त मच्छरदाणीकडे बघून हसले. मग गगनगडावर चक्कर मारली. हे बावडा म्हणजे पंत अमात्यांच्या जहागिरीचं ठाणं. ज्या रामचंद्रपंतांच्या नावावर आज्ञापत्र आहे, त्यांचं हे घराणं. आज्ञापत्रात गडांबरोबर आरमारावरही प्रकरण आहे आणि त्यात वाऱ्याशिवाय ज्यांचा उपयोग नाही अशी थोर जहाजं बांधू नयेत, मध्यम बांधावीत, असा सल्ला आहे. तीनशे वर्षांपूर्वीचा. मित्र म्हणाला, "बघ, बावड्याला वारा आधीपासूनच कळतो."

तुम्ही जाणार असाल तर दोन गोष्टी. कड्याच्या टोकाला किंवा घाटातल्या वळणावर गाडी लावून झोपू नका. आवारात लावा आणि विचारून लावा. आणि हे पावसाळ्यात करू नका. कोल्हापूर जिल्ह्यातला धो धो पाऊस बघायचा तर गगनबावड्यातच, पण तेव्हा काचा उघडता येत नाहीत आणि सकाळी छतातून आपलाच श्वास टपटप गळतो. घाटाचीही आधी चौकशी करा. २०२४ मध्ये करूळ घाट कामासाठी बराच काळ बंद होता, तेव्हा लोकांना भुईबावड्याने वळसा घ्यावा लागला.

आम्ही करूळने उतरलो. प्रत्येक वळणाला हवा जाड होत गेली आणि वैभववाडीत शर्ट पाठीला चिकटला. दुपारी विजयदुर्गच्या खाडीत मच्छीमारांच्या होड्या नांगरावर उभ्या होत्या, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. मित्राने मला ढोसून ती दाखवली. मग आम्ही रूम घेतली, पंख्याची. खिडक्या समोरासमोर आहेत ना, एवढं मात्र आधी बघून घेतलं.