थांबायला जागा

मोटरहोममध्ये सामान भरायला घेतलं की घरातल्या प्रत्येक वस्तूचं वजन मनात मोजायला लागतं. ब्रिटनमध्ये 1 जानेवारी 1997 पासून ज्यांनी कारचा परवाना काढला, त्यांना त्यावर साधारणपणे 3,500 किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते. बहुतेक मोटरहोम या आकड्याला धरूनच बांधलेली असतात. पलंग, शेगडी, फ्रिज, संडास हे सगळं धरल्यावर माणसांना आणि सामानाला मिळून काही शे किलो उरतात. पाण्याची 100 लिटरची टाकी भरली की त्यातले 100 किलो गेलेच. रेडिंगच्या आमच्या घरासमोर मे महिन्यातल्या त्या सकाळी कुकर, पोळपाट-लाटणं, मेतकूट आणि भाजणी आत गेली. बिडाचा तवा मी परत ओट्यावर नेऊन ठेवला. ह्यांनी पुस्तकांच्या दोन पिशव्यांतली एक मागे ठेवली. ऑगस्ट संपेपर्यंत परतायचं नाही, एवढंच ठरलं होतं. बाकी सगळं रस्त्यावर सोडलं होतं.

रेडिंगला चाकांवरच्या घरांची जुनी ओळख आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथल्या डंटन यांच्या कारखान्यात घोड्यांनी ओढायच्या राहत्या गाड्या तयार होत. 'रेडिंग वॅगन' हे नाव इथलंच. मोठी चाकं, वर जाताना बाहेर झुकत गेलेल्या भिंती, दाराशी छोटी शेगडी, पाठीमागे आडवा पलंग, बसायच्या बाकाखाली कोठार, कोरीव लाकडावर सोन्याचा वर्ख. या गाड्यांतून इंग्लंडचे जिप्सी, म्हणजे रोमानी लोक फिरत. त्यांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे निघाले. इंग्लंडमधली त्यांची पहिली लेखी नोंद 1514 सालची आहे. आमच्या गाडीत शिरलं की दाराशी शेगडी, मागे आडवा पलंग आणि बाकाखाली कोठार. इतक्या कमी जागेत माणसानं कसं नीट राहावं, याचा विचार त्या लोकांनी आमच्या कितीतरी आधी करून ठेवला आहे, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

केवळ हौसेसाठी असं घर बांधून घेणारा पहिला मानला जाणारा माणूस आमच्या शेजारचाच, ट्वायफर्डचा. डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स हे आरमारातून निवृत्त झालेले स्कॉटिश शल्यवैद्य, मुलांसाठी साहसकथा लिहिणारे. 1885 मध्ये त्यांनी ब्रिस्टल वॅगन वर्क्सकडून 'द वाँडरर' नावाची गाडी करून घेतली. सुमारे दोन टनांची ती महोगनीची गाडी दोन घोडे ओढत. नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन येणाऱ्या-जाणाऱ्यांना सावध करी. त्या उन्हाळ्यात डॉक्टर ट्वायफर्डहून थेट उत्तरेला इन्व्हरनेसपर्यंत गेले आणि पुढच्या वर्षी त्यावर पुस्तक लिहिलं. 1907 मध्ये कॅरव्हॅन क्लब निघाला तेव्हा ते त्याचे उपाध्यक्ष झाले. पुढे या क्लबच्या नावात मोटरहोमही आलं. आमच्या खिशातलं सभासदत्वाचं कार्ड त्याच क्लबचं आहे.

ऑक्सफर्डपर्यंतचा रस्ता सरळ, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. बर्फर्डचा उतार उतरून विंडरश नदी ओलांडली, मोठा रस्ता सोडला आणि मग खरा प्रवास सुरू झाला. कॉट्सवोल्ड्समधले आतले रस्ते एका गाडीपुरते. दोन्ही बाजूंना मधाच्या रंगाच्या चुनखडी दगडांच्या कोरड्या भिंती, कुठे हॉथॉर्नची कुंपणं, पांढऱ्या फुलांनी भरून गेलेली. त्यांच्या पायथ्याशी काऊ पार्सलीचा कमरेइतका पांढरा फेस. ही कोथिंबिरीच्याच कुळातली वनस्पती. उंच गाडीच्या खिडकीतून तिच्या छत्र्यांवरून नजर जाते आणि पलीकडची शेतं दिसतात, जी कारमध्ये बसून मी कधी पाहिली नव्हती. समोरून ट्रॅक्टर आला की दोघांपैकी एकाला थांबावंच लागतं. शेताच्या फाटकाशी रस्ता जरा रुंद असतो, तिथे अंग चोरून उभं राहायचं. ट्रॅक्टरवाला स्टिअरिंगवरची बोटं उचलून आभार मानतो, आपणही उचलायची. तासाभरात हे इतकं अंगवळणी पडलं की थांबण्याची वेळ आली नाही तर चुकल्यासारखं वाटू लागलं.

मुक्काम स्टो-ऑन-द-वोल्डजवळच्या एका शेतावर होता. पाच गाड्यांपुरतं कुरण, एक नळ, सांडपाण्याची एक जागा, विजेचे खांब. शेतकरीणबाईंनी सगळं हातानेच दाखवलं आणि त्या कोकरांकडे परत गेल्या. आमच्या जुन्या गाडीतला फ्रिज गॅसवरही चालतो, पण गाडी सपाट उभी नसेल तर नीट थंड करत नाही. म्हणून चाकांखाली प्लास्टिकच्या पिवळ्या पाचरी सारल्या आणि टेबलावर गवंड्याची पाणसळ ठेवली.

"अगं, बुडबुडा आला का मध्ये?"

"अहो, डावीकडे अजून बोटभर हवं."

गाडी सपाट झाली, निळ्या तोंडाची केबल खांबाला जोडली. 10 अँपिअरचा पुरवठा म्हणजे जेमतेम 2,300 वॅट. हीटर लावला असेल तर चहाचं पाणी गॅसवर. पाणी किती उरलं, सांडपाण्याची टाकी किती भरली, हे अशा घरात सतत माहीत असतं. संडासाची पेटी रोज आपल्याच हातांनी रिकामी करायची असते. आपल्याकडे हे काम पिढ्यान् पिढ्या कोणाच्या माथी मारलं गेलं, ते आठवतं, आणि प्रत्येकानं काही महिने तरी आपली घाण आपण वाहून न्यावी असं वाटतं.

मेमधला सूर्य नऊच्या आसपास मावळतो. पिठलं-भात खाऊन बाहेर खुर्च्या टाकल्या तेव्हाही उजेड भरपूर होता. कोकरं आयांना हाका मारत होती, ब्लॅकबर्ड कुंपणाच्या टोकावर बसून गात होता, आणि उतारावर भिंतींच्या रेघा एकामागे एक सोनेरी होत चालल्या होत्या. त्या रेघा कितीही देखण्या असल्या तरी त्यातल्या पुष्कळशा कायद्यानं ओढलेल्या आहेत. 1604 ते 1914 या काळात इंग्लंडमध्ये सामायिक जमिनींना कुंपण घालणारे 5,200 हून जास्त कायदे झाले. जिथे गावकरी गाई चारत, सरपण गोळा करत, ती सुमारे 68 लाख एकर जमीन त्यामुळे खासगी झाली. शेतमजूर कवी जॉन क्लेअर यांच्या हेल्पस्टन गावासाठी असा कायदा 1809 मध्ये झाला. बालपणीची मोकळी रानं गेल्याचं दुःख त्यांच्या कवितेतून पुढे कधी गेलं नाही.

वाटसरू जिप्सींच्या मुक्कामाच्या जागा तेव्हापासूनच आटत गेल्या. 1960 च्या कॅरव्हॅन कायद्यानं उरलेल्यांतल्या अनेक बंद केल्या: राहत्या गाड्या उभ्या करायला परवाना लागू लागला आणि गायरानांवर त्यांना बंदी घालण्याचा अधिकार स्थानिक परिषदांना मिळाला. मान्यताप्राप्त क्लबांना पाच गाड्यांपर्यंतच्या जागांना स्वतः प्रमाणपत्र देण्याची सवलतही त्याच कायद्यात आहे. आम्ही ज्या कुरणात पाय पसरून बसलो होतो, ते कुरण आम्हाला त्या सवलतीमुळे मिळालं होतं. 1968 मध्ये जिप्सींसाठी जागा पुरवणं परिषदांना बंधनकारक झालं, 1994 मध्ये ते बंधन काढून टाकलं गेलं. 2022 च्या कायद्यानं तर परवानगीविना गाडीत मुक्काम करणाऱ्याला निघायला सांगूनही तो हलला नाही, तर काही परिस्थितींत तो थेट गुन्हा ठरवला. सुट्टीपुरतं चाकांवर राहणाऱ्याला हा देश हसून जागा देतो आणि जन्मभर तसं राहणाऱ्याला उठवतो. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि या देशात इतकी वर्षं कर भरणारी नागरिक म्हणून मी ते म्हणू शकते.

शेजारच्या गाडीतले म्हातारे गृहस्थ ईव्हशमकडचे निघाले. त्यांच्या लहानपणी आलुबुखार आणि हॉप्स तोडायला जिप्सी कुटुंबं दरवर्षी येत आणि आजोबांच्या बागेत झाडांखाली गाड्या सोडत. मग तोडणीची यंत्रं आली, आणि गाड्या यायच्या थांबल्या. त्यांच्यातल्या एका आजीनं आपल्याला घोड्याचा लगाम धरायला शिकवलं, असं ते सांगत होते आणि हात नकळत तसा धरत होते. मी त्यांना ऊसतोडीच्या टोळ्यांबद्दल सांगितलं: दिवाळीनंतर बीडहून बैलगाडीत संसार घालून निघणाऱ्या, कारखान्याजवळच्या पाचटाच्या कोप्यांत राहणाऱ्या. त्यांनी विचारलं, "त्यांची मुलं शाळेत कुठे जातात?" सगळ्यात आधी हाच प्रश्न त्यांना सुचला, याचं मला फार बरं वाटलं.

स्टोचा घोड्यांचा मेळा नुकताच होऊन गेला होता. चौथ्या एडवर्डनं 1476 मध्ये सनद दिलेला, मे आणि ऑक्टोबरमध्ये भरणारा. तो हुकला, पण जूनच्या सुरुवातीला उत्तरेत कंब्रियातल्या ॲपलबीला मोठा मेळा भरतो. देशभरातून रोमानी कुटुंबं येतात, ईडन नदीत घोडे धुतात, रस्त्यावर घोडे पळवून दाखवतात. काही जण अजूनही कमानीच्या छताच्या गाड्या घोड्यांना जोडून, रस्त्याकडेच्या गवतावर मुक्काम करत येतात. आम्ही रात्री नकाशा उघडला आणि लडलो, श्रूसबरी या गावांवरून तिकडे जायचं ठरवलं. शेजारच्या आजोबांनी एकच सूचना दिली: ॲपलबीच्या अलीकडे अशी घोड्याची गाडी पुढे असेल, तर मागे रांग कितीही लांबली तरी ओलांडायची घाई करू नका. घोडा दमला की गाडीवाले स्वतःच बाजूला घेतात.