एक मुंगूस, दोन काय?

मुलांनो, आज आधी एक खेळ खेळू या. मी वाक्य म्हणते, तुम्ही रिकामी जागा भरायची. मोठ्याने हं!

हा एक टिंबा आहे. हे दोन ______ आहेत.
ही एक झुंपी आहे. या चार ______ आहेत.
हे एक गुबरू आहे. ही पुष्कळ ______ आहेत.

टिंबे, झुंप्या, गुबरं! बरोबर ना? आता सांगा पाहू, टिंबा म्हणजे काय? नाही ठाऊक? मलाही नाही! हे तिन्ही शब्द मी आत्ता लिहिता लिहिता बनवले. जगात टिंबा नावाची वस्तूच नाही, तरी तुम्ही अडला नाहीत. म्हणजे अनेकवचनाचे नियम तुमच्या डोक्यात कधीचे जाऊन बसलेत, आणि ते काही तुम्ही पुस्तकातून घोकलेले नाहीत.

असाच खेळ अमेरिकेत जीन बर्को नावाच्या संशोधक बाईंनी लहान मुलांशी खेळला होता. १९५८ साली त्यांनी त्यावर लेख लिहिला. पक्ष्यासारख्या दिसणाऱ्या एका गमतीदार प्राण्याचं चित्र दाखवून त्या म्हणत, 'हा एक वग. आता हे दोन झाले. दोन काय?' चार ते सात वर्षांची मुलं बहुतेक सगळी 'वग्ज' म्हणाली. पण शब्दाच्या शेवटी 'स'सारखा आवाज आला, की त्यातली पुष्कळ मुलं अडायची. 'बस'चं 'बसेस' होतं ना, तसा शेवट त्यांना पटकन सुचायचा नाही. ज्यांच्या घरात उठता-बसता इंग्रजी बोलतात, त्या मुलांची ही तऱ्हा, बरं का!

मी नवी मुंबईत एका मराठी शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. आमच्या वर्गात माथाडी कामगारांची मुलं खूप. वडील वाशीच्या बाजार समितीत पोती उचलतात, गाव साताऱ्याकडे, घर कोपरखैरण्याला. मी स्वतः पाचवीत गेल्यावर ए-बी-सी-डी गिरवली. २००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आलं, त्यामुळे माझी मुलं तिसरीतच 'वन-मेनी'पर्यंत पोचतात. नियम सोपाच आहे. शब्दाला 'एस' लावायचा. शेवटी 'एस', 'एक्स', 'एसएच', 'सीएच' असेल तर 'ईएस' लावायचा. 'बेबी'सारख्या शब्दातला 'वाय' काढून 'आयईएस' लावायचा. हे आठवड्याभरात जमतं. खरी गंमत त्याच्या पुढे आहे.

मागच्या पावसाळ्यात तिसरीतल्या एका मुलाला शाळेच्या भिंतीपलीकडच्या गवतात मुंगसांची जोडी दिसली. स्वारी खूश! संध्याकाळी शिकवणीच्या वहीत त्याने इंग्रजीतून लिहिलं, 'आय सॉ टू मंगीस.' शिकवणीत त्याला लाल गोल मिळाला, आणि वर सगळी पोरं हसली. त्यानंतर हा वर्गातसुद्धा इंग्रजीच्या तासाला हात वर करीना. चार दिवसांनी त्याचे वडील मधल्या सुट्टीत आले. खांद्यावर पंचा, बाजारातून थेट आलेले. म्हणाले, "बाई, ह्याला इंग्लिश मीडियमला टाकू का? फीचं बघू काहीतरी. घरी आमच्याकडून तर काय होत नाय."

मी ती वही मागवून घेतली. मुलाला विचारलं, "मंगीस कसं केलंस रे?" तो खाली मान घालून म्हणाला, "गूसचं गीस होतं ना, म्हणून."

पाहिलंत? पोराने विचार केला होता! न समजता लिहिणारा असं लिहूच शकत नाही. इंग्लंडमधली लहान मुलंही सुरुवातीला 'फुट्स' आणि 'माउसेस' म्हणतात, कारण त्यांना नियम कळलेला असतो. अपवाद मागाहून येतात.

मग 'गूस'चं 'गीस' होतं तरी का? मॅन, वुमन, फुट, टूथ, गूस, माउस आणि उवेसाठीचा लाउस, असे रोजच्या वापरातले शब्द मोजून सातच. हजार वर्षांपेक्षाही जुन्या काळी या शब्दांच्या अनेकवचनाला शेवटी 'इ'सारखा आवाज लागत असे. तो यायचा म्हणून जीभ आधीच पुढे सरकायची आणि मधला स्वर बदलायचा. पुढे शेवटचा 'इ' गळून गेला, बदललेला स्वर तेवढा राहिला. आपल्याकडेही मधला स्वर हलतोच की! 'फूल'चं 'फुलं', 'चूक'च्या 'चुका', 'वीट'च्या 'विटा'. शुद्धलेखनात इथेच तर तुमचे गुण जातात!

आता मंगूस. त्याचा त्या हंसासारख्या 'गूस'शी काडीचाही संबंध नाही. तो शब्द आपलाच आहे, आपलं मराठी 'मुंगूस'! सतराव्या शतकात इकडे आलेल्या इंग्रजांनी तो ऐकला आणि आपल्या लिपीत उतरवला. पुढे त्याच्या स्पेलिंगला 'गूस'चं शेपूट चिकटलं. त्यामुळे 'गीस' होण्याचा त्याला हक्कच नाही. तो त्या सात जणांच्या घरातला नाही. इंग्रजीत राहायला आलेल्या पाहुण्यांना साधा नियम लागतो, म्हणून 'मंगूसेस'. आपण नाही का 'टेबल'ची 'टेबलं' केली, 'पेन्सिल'च्या 'पेन्सिली' केल्या, 'मिनिट'ची 'मिनिटं' केली? शब्द ज्या घरी येतो, त्या घरचं पाणी त्याला लागतं. ('बसेस' मात्र स्वतःचं अनेकवचन बरोबर घेऊन आल्या. मला विचाराल तर 'दोन बस' म्हटलं तरी काही बिघडत नाही.)

वडील ऐकत होते. मी त्यांना विचारलं, "तुम्ही कुठल्या मार्केटला?"

"कांदा-बटाटा."

झालं! मला आयता धडा मिळाला. 'बटाटा' आणि 'पोटॅटो' हे चुलत भाऊ. कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचा हा कंदाचा शब्द. पोर्तुगीजांकडून आपण 'बटाटा' घेतला, स्पॅनिश लोकांकडून इंग्रजांनी घेऊन 'पोटॅटो' केला. आपण 'बटाटे' म्हणतो, ते 'ओ'च्या पुढे 'ईएस' लावतात. या 'ई'ने मोठमोठ्यांची फजिती केली आहे. १९९२ साली अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष डॅन क्वेल ट्रेंटन शहरातल्या एका शाळेत गेले होते. बारा वर्षांच्या एका मुलाने फळ्यावर 'पोटॅटो' अगदी बरोबर लिहिलं. साहेबांनी त्याला शेवटी आणखी एक 'ई' जोडायला लावला! अनेकवचनातला 'ई' एकवचनात घुसला. वर्तमानपत्रांनी साहेबांची कितीतरी दिवस टर उडवली.

हे ऐकून बापलेक दोघंही हसले. मग वडील म्हणाले, "आमच्याकडं बाई, एक नग, शंभर नग. 'नग'चं काय होत नाय."

"इंग्रजीतही आहेत तसे," मी म्हटलं. "वन शीप, टेन शीप. आपला हात, दगड, साप, सगळे तसेच."

पालकहो, या गृहस्थांना शाळा बदलू नका असं मी सांगितलं नाही. तो निर्णय त्यांचा. पण 'आमच्याकडून काही होत नाही' हे मात्र मी मान्य केलं नाही. गोणी-गोण्या, पोतं-पोती, चिंबोरी-चिंबोऱ्या, हे सगळं मुलाला तुम्हीच शिकवलंत, आणि तेही तीन तीन लिंगांत! इंग्रजीला त्यातलं निम्मंही लागत नाही. रात्री जेवताना मुलाला नुसतं विचारा, 'याला इंग्रजीत एक असेल तर काय म्हणतात, पुष्कळ असले तर काय?' उत्तर तुम्हाला येत नसलं तरी चालेल. त्याला सांगावंसं वाटलं, की झालं.

तो मुलगा आता चौथीत आहे, आमच्याच शाळेत. त्याने एक शंभर पानी वही केलीय. डाव्या बाजूला मराठी जोडी, उजवीकडे इंग्रजी. 'मुंगूस-मुंगसं' पहिल्याच पानावर आहे. हिवाळ्यात आम्ही नेरुळच्या पाणथळीवर रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो बघायला गेलो होतो. लांबवर गुलाबी रांगच्या रांग उभी होती. आमच्या शहरात जागोजागी त्यांची शिल्पंही आहेत. दुसऱ्या दिवशी याने वही पुढे केली. 'फ्लेमिंगो'पुढे दोन अनेकवचनं लिहिली होती, एक 'एस'चं, एक 'ईएस'चं.

"बाई, कुठलं खोडू?"

शब्दकोश काढून त्याला दाखवला. दोन्ही चालतात, 'मँगो'चीही तीच गोष्ट. त्याने खोडरबर परत कंपासपेटीत टाकला आणि खाली लिहिलं, 'फोटो?'

त्याचं उत्तर मी दिलेलं नाही. तुम्ही शोधा!