एकेचाळिसाव्या वर्षीचा पहिला अल्बम
अमेरिकन सॅक्सोफोनवादक सॅम रिव्हर्सचा पहिला अल्बम 'फ्यूशिया स्विंग साँग' डिसेंबर १९६४मध्ये ध्वनिमुद्रित झाला, तेव्हा तो ४१ वर्षांचा होता. त्या काळी जॅझमध्ये एकीकडे ठरलेली चाल आणि ठेका जपणारे होते, दुसरीकडे ते बंधन झुगारणारे. रिव्हर्सने दोन्ही जवळ केलं. टोनी विल्यम्सचा ड्रम झुलता ठेका धरतो. सॅक्सोफोन चाल सोडून दूर जातो आणि अलगद परततो. यातली 'बिॲट्रिस' ही शांत धून त्याने पत्नीच्या नावाने रचली. पुढे दोघांनी मिळून न्यूयॉर्कमध्ये नव्या वाटेच्या वादकांसाठी 'स्टुडिओ रिव्हबी' चालवला.

चाळिशीत मी गाणं शिकायला लागले, तेव्हा अनेकांनी विचारलं, "आता कशाला?" मी उत्तर दिलं नाही, 'बिॲट्रिस' लावली. रिव्हर्स उशिरा आला, पण रिकाम्या हातांनी आला नाही.