अनामत वीस बाट

निसर्गाच्या दाराशी तिकीटखिडकी नसावी, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. सह्याद्रीच्या पावसात वाढलेल्या माणसाला धबधबा म्हणजे रस्त्याकडेला गाडी लावून थेट पाण्याखाली उभं राहायचं ठिकाण. ताम्हिणी असो, माळशेज असो, कुणी अडवलंच तर मला तो सरकारी आगाऊपणा वाटायचा. हे मत बदललं थायलंडमधल्या एरावानला.

कांचनबुरी शहरापासून साधारण 65 किलोमीटरवर हा सात टप्प्यांचा धबधबा आहे. 1975 पासून हा परिसर राष्ट्रीय उद्यान आहे. नाव आपल्या ऐरावताचंच. मी गेले तेव्हा तिकीट थाई माणसाला 100 बाट आणि परदेशी माणसाला 300 बाट होतं. मी कुरकुरले. मग अजिंठ्याची खिडकी आठवली. तिथं आपल्याला 40 रुपये आणि परदेशी पाहुण्याला 600. कुरकुर आटोपती घेतली.

दुसऱ्या टप्प्यापुढे खाण्याचं काहीही न्यायचं नाही. पाण्याची बाटली न्यायची तर 20 बाट अनामत, उतरताना बाटली दाखवली की पैसे परत. पाण्यात उतरायचं तर लाइफ जॅकेट हवंच. मला पोहता येतं, हे मी खुणांनी सांगून पाहिलं. कर्मचाऱ्यानं हसत जॅकेट पुढे केलं. खाण्यावरच्या बंदीचं एक कारण वाटेतच झाडांवर बसलेलं होतं. पिशवी दिसली की ती माकडं खाली येत.

तरीही माझा विरोध खरा विरघळला तो पाण्याचं काम समजल्यावर. आपले धबधबे बेसाल्ट झिजवतात. एरावानचं पाणी चुनखडीच्या डोंगरातून विरघळलेला चुना घेऊन येतं. खळाळताना त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुना थरावर थर साचत राहतो. पडलेल्या फांदीवर, पाचोळ्यावर, शेवाळावर त्याचं पुट चढतं. कुंडांचे ते गोलसर काठ पाण्यानंच बांधलेले आहेत आणि बांधकाम अजून चालू आहे. अशा कोवळ्या काठांवर सुट्टीच्या दिवशी शेकडो पाय पडणार असतील, तर कुणीतरी दाराशी उभं असायलाच हवं.

म्हणून मी सरसकट बंदीच्या बाजूची झाले, असं मात्र नाही. 30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. असं काही घडलं की आपल्याकडे ठिकठिकाणी मनाई आदेश निघतात, फलक लागतात. लोक फलकाला वळसा घालून पलीकडच्या वाटेनं उतरतात, आणि त्या वाटेवर ना दोर असतो, ना जीवरक्षक. पूर्वी या आदेशांवर मी चिडायचे ते मोकळीक गेली म्हणून. आता चिडते ते व्यवस्था करण्याऐवजी कागद काढला म्हणून. गोव्यात दूधसागरला कुळ्याहून ठरलेल्या जीपनं जायचं आणि लाइफ जॅकेट घालायचं, अशी पद्धत आहे. म्हणजे आपल्याला जमत नाही, असंही नाही.

बंदीला एक फलक पुरतो. लोकांना आत घ्यायचं, तर माणसं नेमावी लागतात, जॅकेटं वाळवावी लागतात, बाटल्या मोजाव्या लागतात, पाणी चढलं की वेळेवर वाट बंद करावी लागते. या कामाला पैसा लागतो आणि तो धबधब्यात भिजणाऱ्यानं द्यावा, यात मला आता काही गैर वाटत नाही. ताम्हिणीत उद्या खिडकी उघडली, तर मी रांगेत उभी राहीन. फक्त पावती फाडणाऱ्याच्या पलीकडे, पाण्याजवळ, पगारी जीवरक्षक उभा दिसला पाहिजे. तो नसेल, तर माझं जुनं मत मी पुन्हा बाहेर काढीन.