खारेपाटातली उघाडी

वाचकहो, वडखळहून अलिबागच्या वाटेला लागलात आणि धरमतरचा पूल ओलांडलात, की उजव्या हाताला सपाट मुलूख पसरलेला दिसतो. हाच खारेपाट. खाडी अडवून वाडवडिलांनी इथे भातशेती उभी केली. बाहेरून मातीचा लांबलचक बांध आणि त्यात झडपांच्या उघाड्या. ओहोटीला आतले पावसाचे पाणी झडप लोटून बाहेर पडते. भरती आली की खाडीच्याच रेट्याने झडप मिटते.

आता गंमत पाहा. असाच एक पहारा भाताच्या मुळातही असतो!

मुळे पाणी ओढतात तेव्हा मिठातला सोडियमही आत शिरतो. तो पानांत साचला की शेंडे करपतात. बंगालमधल्या नोना बोकरा या जुन्या भातात २००५ साली शास्त्रज्ञांना यावरचा उपाय सापडला. पाणी वर नेणाऱ्या नळ्यांभोवती एक प्रथिन असते. ते सोडियम वाटेतच बाजूच्या पेशींत काढून घेते. हे प्रथिन इतर भातांतही असते, पण नोना बोकरातले अधिक कामसू. फरक म्हणाल तर प्रथिनाच्या साखळीतल्या अवघ्या चार मण्यांचा!

शिवाय खाऱ्या मातीत पाणी असूनही रोपाला ते ओढता येत नाही. ओल्या रानात ते तहानलेलेच! मग रोपात ॲब्सिसिक आम्ल वाढते. ही तहानेची वर्दी. ती ओळखणारी प्रथिने २००९ साली सापडली. वर्दी पोचली की पानांची बारीक छिद्रे मिटतात आणि पाणी वाचते. दुष्काळी रानातल्या ज्वारीतही हेच चालते. मात्र छिद्रे मिटली की पानात अन्न कमी तयार होते, वाढ खुंटते.

आपल्याकडचे काळा रता आणि भुरा रता हे जुने भात खाऱ्या जमिनीत तग धरणारे. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पुढे पनवेल १, २ व ३ ही वाणे दिली.

तरीही पहारेकऱ्याला मर्यादा आहेच. कोवळे रोप आणि फुलोरा, या दोन वेळी भात खारेपणाला फार नाजूक. त्यात उधाणाने बांधाला खांड पडली, तर चांगले वाणही हात टेकते. तेव्हा मंडळी, बियाणे पारखून घ्या. पण पावसाआधी गावाने मिळून बांधावर माती टाकायला आणि उघाडीची झडप तपासायला विसरू नका.